सुनील छेत्रीचे ९५ गोल : आकडा जरा बाजूला ठेवून बोलूया का?

अर्धवेळ_समालोचक (धागाकर्ता)

ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरनं आपल्याला २-१ हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. मग छेत्रीनं भारताच्या संघातून दुसऱ्यांदा निवृत्ती घेतली. पहिल्या निवृत्तीच्या वेळी, म्हणजे ६ जून २०२४ ला, आमच्या घरी फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारी माणसंसुद्धा टीव्हीसमोर बसली होती. दुसरीची बातमी मी तीन दिवसांनी वाचली, तीही मोबाइलवर दुसरंच काही शोधताना. तेव्हापासून हा धागा डोक्यात आहे.

१५७ सामने, ९५ गोल. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई एवढेच त्याच्या पुढे. हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून त्यावर लिहीत नाही. मला कारकिर्दीची दोन टोकं शेजारी ठेवून बघायची आहेत.

पहिलं टोक क्वेट्टा, १२ जून २००५. पाकिस्तानविरुद्ध, पाकिस्तानात, वय वीस. प्रशिक्षक सुखविंदर सिंग. पहिल्याच सामन्यात गोल, सामना १-१. पोरगं गोल केल्याच्या आनंदात थेट प्रेक्षकांकडे पळालं, आणि प्रेक्षक अर्थातच सगळे पाकिस्तानी. ही आठवण तो स्वतः हसत हसत सांगतो. त्या काळात भारताकडे भायचुंग भुतिया होता, गोल करायची जबाबदारी त्याची होती. छेत्री जोडीला.

दुसरं टोक शिलाँग, १९ मार्च २०२५. मालदीवविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना. वय चाळीस. नऊ महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाला प्रशिक्षक मानोलो मार्केझनी परत बोलावलं, कारण संघाकडून गोलच होत नव्हते आणि आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, देशातली मोठी क्लब स्पर्धा) सगळ्यात जास्त गोल करणारा भारतीय तेव्हाही हाच होता. त्यानं ७६ व्या मिनिटाला हेडर मारला. ३-०. तब्बल ४८९ दिवसांनी भारत एखादा सामना जिंकला होता.

या दोन टोकांमध्ये वीस वर्षं आहेत. पहिल्या टोकाला त्याच्या पुढे भुतिया होता. दुसऱ्या टोकाला त्याच्या मागे कुणीच नाही. माझं म्हणणं एवढंच की ९५ हा आकडा छेत्रीच्या मोठेपणाचा आहे तसाच आपल्या दारिद्र्याचाही आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच घरात राहतात. पटत नसेल तर मुद्दे मांडा. "दंतकथा", "कॅप्टन, लीडर" असे नुसते बदाम टाकू नका, ते इतरत्र भरपूर आहेत.

---

चार_बंगला

बदाम टाकत नाही, हजेरी लावतो. १ जून २०१८, अंधेरीचं मैदान, इंटरकॉन्टिनेंटल चषक, समोर चायनीज तैपेई. अधिकृत प्रेक्षकसंख्या २,५६९. त्यातला एक मी. ५-० जिंकलो, छेत्रीची हॅट्ट्रिक, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर मी पाय ठेवून बसलो होतो. लोकलमध्ये एका डब्यात याहून जास्त गर्दी असते म्हणालो तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

दुसऱ्या दिवशी त्याचा तो व्हिडिओ आला. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा, अशा आशयाचा. पुढचा सामना ४ जूनला केनियाशी, त्याचा शंभरावा. मी दोन मित्रांसाठी तिकिटं काढायला गेलो तर तिकिटं संपलेली! तीन दिवसांत. माझं एकट्याचं होतं म्हणून गेलो. पाऊस असा की समोरचा गोल दिसेना. ३-० जिंकलो, त्यात त्याचे दोन. १० जूनला अंतिम सामना पुन्हा केनियाशी, २-०, दोन्ही त्याचेच.

आता धाग्याच्या मुद्द्यावर. राष्ट्रीय संघाच्या कर्णधारानं हात जोडून प्रेक्षक बोलवायचे, गोलही त्यानंच करायचे, आणि सामना संपल्यावर आभारही त्यानंच मानायचे. नशीब, तिकीट फाडायला उभा नव्हता.

---

खडूस_गणित

मी वाईटपणा घेतो. कुणीतरी घ्यायला हवा.

९५ पैकी किती गोल नेपाळ, मालदीव, बांगलादेश, पाकिस्तान, भूतान या शेजाऱ्यांवर आहेत ते मोजा. सॅफ चषक, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा, काढून टाका, मग बोलू. २०११ च्या सॅफमध्ये एकट्यानं ७ गोल. २०२३ ला बेंगळुरूत पाकिस्तानवर हॅट्ट्रिक. छान. पण याच माणसानं जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशिया चषकात तीन सामन्यांत किती गोल केले? शून्य. संघानं किती केले? शून्य. ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१.

मेस्सीशी तुलना करणारी चित्रं फिरवणाऱ्यांची मला कीव येते. मेस्सी ब्राझीलशी खेळतो, आपण मालेमध्ये.

---

दोहाकर_नीलिमा

खडूसराव, त्या तीनपैकी दोन सामन्यांना मी होते, म्हणून लिहिते. ऑस्ट्रेलियाच्या सामन्यात सुरुवातीलाच, पंधरा-सोळा मिनिटं झाली असतील, छेत्रीला एक हेडर मिळाला होता. बाहेर गेला. माझ्या आजूबाजूला सगळे मल्लू, निळे शर्ट घालून आलेले, ढोल घेऊन. तो हेडर बाहेर गेला तेव्हा ढोल जो थांबला तो पाचेक मिनिटं वाजलाच नाही. सगळ्यांना कळलं होतं की आज हीच संधी होती. ३९ वर्षांचा माणूस, चेंडू क्वचित येणार, आणि आलेला एकमेव चेंडू गोलात गेलाच पाहिजे, हा हिशेब जगातल्या कुठल्या स्ट्रायकरला जमतो?

सीरियाच्या सामन्याला अल खोरला गेलो, घरापासून लांब, शाळेचा दिवस, मुलाला सोबत नेलं. ७६ व्या मिनिटाला गोल खाल्ला. येताना मुलगा विचारत होता की आई, आपल्याकडे दुसरा कुणी गोल मारणारा नाही का. समालोचकांचा धागा त्यानं जवळपास दोन वर्षं आधीच काढला होता म्हणायचा.

आणि दोहा म्हणाल तर २०११ चा आशिया चषकही इथेच झाला. तेव्हा मी इथे नव्हते, पण निकाल माहीत आहेत. बहारीनशी ५-२ हरलो त्यात छेत्रीचा गोल, दक्षिण कोरियाशी ४-१ हरलो त्यात पेनल्टीवर त्याचाच. कोरिया शेजारी देश नाही.

---

खडूस_गणित

पेनल्टी.

---

दोहाकर_नीलिमा

पेनल्टीसुद्धा मारावी लागते.

---

जुनी_सायकल

मुंबईत कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून रोव्हर्स कप बघितलेल्या माणसाचे दोन शब्द. या देशात छेत्रीच्या आधीही स्ट्रायकर होऊन गेले, हे नव्या मंडळींना आठवण करून देणं आमचं कामच आहे, कंटाळा आला तरी वाचा.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला, त्यांच्या घरी, ४-२ हरवलं. तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. स्पर्धेत चार गोल करून सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीनं पहिला. मुंबईच्या मैदानांवर खेळलेला माणूस. आज अंधेरीत कुणाला विचारा नेव्हिल डिसूझा कोण, तुम्हाला पत्ता सांगतील.

पण म्हणून छेत्रीला कमी लेखत नाही. उलट. नेव्हिलच्या संघात चेंडू पुरवणारे पी. के. बॅनर्जींसारखे लोक होते. छेत्रीला बऱ्याचदा चेंडू घ्यायला स्वतःच अर्ध्या मैदानापर्यंत मागे यावं लागायचं, आणि मग तोच चेंडू संपवायलाही बॉक्समध्ये हजर. एकाच माणसानं भाकरी थापायची, भाजायची आणि वाढायची.

---

बालेवाडीकर

खडूसराव, "सॅफ काढून टाका" म्हणालात ना, काढलं. ८ ऑक्टोबर २०१०, बालेवाडी, व्हिएतनाम. मैत्रीपूर्ण सामना, ३-१, तिन्ही गोल छेत्रीचे. व्हिएतनाम म्हणजे तेव्हा दोनच वर्षांपूर्वी आग्नेय आशियाचे विजेते झालेले. मी मैदानात होतो. तिन्ही गोल डोळ्यांसमोर आहेत. पुण्यात भारताच्या सामन्यात हॅट्ट्रिक झाली होती हे पुणेकरांनाच माहीत नसतं. सांगायला गेलं की "कुठं, डेक्कनला?" असं विचारतात.

पाच दिवसांनी त्याच मैदानावर येमेननं आपल्याला ६-३ धुतलं, तेही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी काढेलच.

त्याच्या भारतासाठीच्या हॅट्ट्रिक चार. ताजिकिस्तान २००८, व्हिएतनाम २०१०, चायनीज तैपेई २०१८, पाकिस्तान २०२३. यातली पहिली सगळ्यात मोलाची. दिल्लीचं आंबेडकर स्टेडियम, एएफसी चॅलेंज चषकाचा अंतिम सामना, ४-१. चौथा गोल भुतियाचा. त्या विजयामुळेच आपण २०११ च्या आशिया चषकाला पात्र ठरलो. म्हणजे नीलिमाताई म्हणतात त्या दोहाच्या स्पर्धेचं तिकीट छेत्रीनंच काढलं होतं.

---

अर्धवेळ_समालोचक

चौथ्या गोलाची नोंद महत्त्वाची आहे. २००८ ते २०११ हा काळ मला सर्वांत आवडतो, कारण तेव्हा तो एकटा नव्हता. बॉब हाउटनचा संघ, पुढे भुतिया. भुतिया डिफेंडर अंगावर घ्यायचा, चेंडू अडवून धरायचा, आणि छेत्री त्याच्या मागून, कधी डावीकडून, रिकाम्या जागेत शिरायचा. पावणेसहा फुटांच्या आत उंची, पण उडी मारून हवेत थांबतो असं वाटायचं. क्रॉस येताना जवळच्या खांबाकडे पहिलं पाऊल टाकायचा आणि डिफेंडर त्याच्यामागे गेला की मागे सरकायचा. ही युक्ती चाळिशीतही तीच होती.

भुतिया गेल्यावर जोडीदार बदलत राहिले. रॉबिन सिंग आला, मग जेजे लालपेखलुआ. जेजेबरोबरचा काळही बरा होता. जानेवारी २०१६ मध्ये तिरुअनंतपुरमला सॅफच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानशी पिछाडीवर असताना जेजेनं बरोबरी साधली आणि जादा वेळेत छेत्रीनं विजयी गोल केला. जेजेला दुखापतींनी गाठलं आणि नंतर जोडीदार हा शब्दच संपला.

---

मांडवीतीर

गोव्याहून नमस्कार. फातोर्ड्याला त्या दिवशी मी होतो. त्याबद्दल शेवटी लिहितो, आधी एक दोन गोष्टी.

छेत्री आमच्याकडे दोनदा खेळून गेला. आधी धेंपोत, मग २०१३ मध्ये चर्चिल ब्रदर्समध्ये उसना, आणि त्या वर्षी चर्चिलनं आय-लीग जिंकली. गोंयकार स्तुती करायला कंजूष, पण एक गोष्ट तेव्हापासून सगळे मान्य करत: सराव संपल्यावर मैदानावरून शेवटी जाणारा हाच. आमच्याकडे सराव संपला की फिश-करी-राइसची वेळ होते, त्यामुळे ही फार मोठी गोष्ट समजा.

खडूस_गणित यांना एक सामना सुचवतो. ५ सप्टेंबर २०१९, गुवाहाटी, विश्वचषक पात्रता, समोर ओमान. २४ व्या मिनिटाला फ्री किक. सगळे वाट बघत होते की चेंडू बॉक्समध्ये उंच येणार. आमच्या मडगावच्या ब्रँडन फर्नांडिसनं तो जमिनीसरपट छेत्रीकडे ढकलला, आणि छेत्रीनं पहिल्याच स्पर्शात गोलात. अख्खी ओमानची भिंत बघत राहिली. ८२ व्या मिनिटापर्यंत आपण पुढे होतो. मग शेवटच्या आठ मिनिटांत दोन गोल खाल्ले.

याच्या पाच दिवसांनी दोहात कतारला, म्हणजे त्या वेळच्या आशियाच्या विजेत्यांना, आपण ०-० रोखलं. तापामुळे छेत्री त्या सामन्यात नव्हता! गोलरक्षक गुरप्रीतनं गोलात भिंत उभी केली. म्हणजे त्याच्याशिवाय आपण हरत नाही, फक्त गोल करत नाही.

---

खडूस_गणित

ओमानचा गोल मी विसरलो होतो. मान्य. थायलंडवरचे दोन कुणी काढण्याआधी मीच काढतो. ६ जानेवारी २०१९, अबू धाबी, आशिया चषक, ४-१. पहिला पेनल्टीवर, पण दुसरा गोल, मध्यंतरानंतर पहिल्याच मिनिटाला, उदांताचा क्रॉस, आशिकनं हलकेच मागे ढकलला आणि धावत येऊन पहिल्या स्पर्शात. त्या गोलात मी खोट काढू शकत नाही, आणि मी प्रयत्न केलाय. दुसऱ्या दिवशी थायलंडनं प्रशिक्षकाला घरी पाठवलं.

तरी माझा मूळ प्रश्न उभा आहे. त्याच गटात यूएईशी ०-२, आणि बहारीनशी ९० मिनिटं ०-० राखून शेवटी पेनल्टीवर ०-१. एक बरोबरी राखली असती तर पुढच्या फेरीत जाण्याची मोठी संधी होती. मोठ्या सामन्याच्या दिवशी आपला आकडा नेहमी एकनं कमी पडतो. याला स्ट्रायकर जबाबदार नाही, मान्य. पण मग ९५ मुळे नेमकं काय मिळालं?

---

रंकाळाकाठ

आलो एकदाचा. दिवसभर शाहू स्टेडियमवर होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ आहेत, पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, आणि पाटाकडील-शिवाजी सामना असला की भर दुपारी दुकानं अर्धी उघडी असतात. मी पोरांना शिकवतो, वय दहा ते चौदा. पगार नाही, फक्त घसा बसतो.

खडूसदादा, "काय मिळालं" हा प्रश्न बरोबर आहे, पण छेत्रीला विचारू नका. मला विचारा. आम्ही स्ट्रायकर तयारच करत नाही. सांगतो का ते.

गावातल्या स्पर्धेत ज्या संघाच्या हातात दोन पैसे असतात तो बाहेरून आफ्रिकी खेळाडू आणतो. कुठं खेळवतो? पुढे. आयएसएलचंही तेच झालं. २०१४ ला सुरू झाली तेव्हा अकरा जणांत सहा परदेशी खेळवता यायचे. पुढे पाच झाले, २०२१ पासून चार. पण परदेशी माणूस पैसे देऊन आणला की त्याला राइट बॅकला कोण ठेवतं? नऊ नंबर, म्हणजे मधल्या स्ट्रायकरची जागा, त्याचाच. मग भारतीय स्ट्रायकर विंगला सरकतो. खुद्द छेत्री बेंगळुरू एफसीमध्ये परदेशी स्ट्रायकर मिकू आल्यावर डावीकडे खेळला! देशाचा पहिल्या नंबरचा स्ट्रायकर क्लबमध्ये विंगर. तो तिथूनही गोल करायचा म्हणून टिकला. दुसरा विंगला गेला की विंगरच होतो. छांगटे बघा, मनवीर बघा, लिस्टन बघा. सगळे बाजूनं पळणारे. चेंडू बॉक्समध्ये टाकतील, पण टाकायचा कुणाकडे?

आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून पुढे खेळला. गावानं डोक्यावर घेतलं. नंतर त्याचं क्लबमध्ये कुठं कुठं खेळणं झालं ते बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. पोरगा चांगलाच आहे, त्याच्यावर राग नाही माझा.

---

चार_बंगला

प्रतिसाद वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे. आणि नऊ नंबरचं म्हणाल तर, शिलाँगच्या त्या मालदीव सामन्यात पहिला गोल आमच्या मुंबईच्या राहुल भेकेचा होता. बचावपटू! कॉर्नरवर हेडर. ४८९ दिवस जिंकलो नव्हतो, आणि कोंडी फोडली सेंटर बॅकनं, शिक्कामोर्तब केलं चाळीस वर्षांच्या माणसानं.

---

जुनी_सायकल

अवांतर: छेत्रीची आई सुशीला आणि तिची जुळी बहीण नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेल्या आहेत. वडील भारतीय सैन्यात. आणि चिरंजीवांचे नेपाळवर गोल किती! २०२१ च्या सॅफच्या अंतिम सामन्यात मालेला नेपाळलाच ३-० हरवलं, त्यातला एक याचा, आणि तो त्याचा ८० वा. आजोळी दिवाळीला काय बोलणं होत असेल देव जाणे.

---

दोहाकर_नीलिमा

काका 😄

पण एक गंभीर गोष्ट राहून गेली. राष्ट्रीय संघामुळे त्याची क्लब कारकीर्द अडली, याबद्दल कुणी बोललं नाही. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी त्याचं जमलं होतं. ब्रिटननं कामाचा परवाना नाकारला, कारण फिफा क्रमवारीत भारत पहिल्या सत्तरात नव्हता. नियमच तसा होता. मग २०१० ला अमेरिकेत कॅन्सस सिटी, २०१२ ला पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगचा दुसरा संघ. दोन्हीकडे फारसं खेळायला मिळालं नाही आणि परत आला.

तुम्ही कितीही चांगले असा, तुमच्या पासपोर्टवरचा देश क्रमवारीत मागे असेल तर तुम्ही मागे. मी इथे परदेशात नोकरी करते, मला हे समजावून सांगावं लागत नाही. याच माणसानं पुढची पंधरा वर्षं त्याच क्रमवारीतल्या संघासाठी धावायचं ठरवलं.

---

खडूस_गणित

हे माहीत नव्हतं. म्हणजे तो जायला तयार होता, त्याला जाऊ दिलं नाही. "परदेशात टिकला नाही" असं मी आजवर चार ठिकाणी लिहिलंय. एक ठिकाण हेच संकेतस्थळ. संपादक मंडळ, जुने प्रतिसाद उडवता येतात का?

---

अर्धवेळ_समालोचक

उडवू नका, राहू द्या, पुरावा आहे तो.

६ जून २०२४ बद्दल एक. कोलकात्याचं सॉल्ट लेक, कुवेतशी ०-०. जिंकलो असतो तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीचं दार उघडलं असतं, भारत तिथे कधीच पोहोचला नव्हता. म्हणजे निरोपाचा सामना आणि आयुष्यातला मोठा सामना एकच. सामन्यानंतर दोन्ही बाजूंनी खेळाडू उभे राहिले आणि तो मधून रडत गेला. सगळ्यांना तेवढंच आठवतं. मला आठवतो तो त्या सामन्यातला आपला हल्ला. सगळ्यांचे पाय छेत्रीला शोधत होते. चेंडू ज्याच्याकडे जाईल तो आधी मान वर करून बघायचा, कर्णधार कुठे आहे. निरोपाची भेट म्हणून त्याला गोल मिळावा ही इच्छा होती की दुसरं काही सुचत नव्हतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

त्याआधी मार्चमध्ये गुवाहाटीला त्याचा १५० वा सामना. त्यानं पेनल्टीवर ९४ वा गोल केला आणि अफगाणिस्ताननं आपल्याला २-१ हरवलं. कुवेतच्या सामन्यावर एवढं ओझं आलं ते त्यामुळे.

---

मांडवीतीर

आता फातोर्ड्याचं.

१४ ऑक्टोबर २०२५. आमच्या मैदानावर भारताचा सामना म्हणजे घरचं कार्य. छांगटेनं सुरुवातीला असा काही गोल मारला, लांबून, की मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. मग सिंगापूरच्या साँग उई-योंगनं दोन केले. एक मध्यंतराच्या तोंडावर, एक नंतर. संपलं.

छेत्री ४१ वर्षांचा. धावत होता, ओरडून जागा दाखवत होता, डिफेंडरच्या अंगाशी अंग लावून उभा राहत होता. पण खरं सांगतो, पाय आधीसारखे येत नव्हते. त्याच्या डोक्याला चेंडू कुठे पडणार ते कळत होतं आणि शरीर अर्धं पाऊल उशिरा पोचत होतं. ते बघणं मला पराभवापेक्षा जड गेलं. माझ्या मागे एकजण ओरडला, "म्हाताऱ्याला बाहेर काढा!" कुणी त्याला गप्प केलं नाही. मीही नाही. घरी येताना वाटलं की करायला हवं होतं, कारण म्हाताऱ्याला आत कुणी बोलावलं होतं?

---

रंकाळाकाठ

बोलावलं ते आपणच. मार्केझ आले, गेले, आता खालिद जमील आहेत. प्रत्येकानं आधी उघडपणे सांगितलं असतं की पुढची दोन वर्षं गोल होणार नाहीत, तरुण पोरांना खेळवतो, चुकू दे, तर आपण ऐकून घेतलं असतं का? पहिल्या ०-० ला "छेत्रीला आणा" म्हणून ओरडणारे आपणच. मीही ओरडलो होतो, टपरीवर, चहाचा ग्लास हातात घेऊन.

परवापासून एक नियम केलाय. माझ्या सरावात स्ट्रायकर गोल चुकला तर पुढच्या दहा मिनिटांत त्याला बदलायचा नाही. पालक कुरकुरतात. एकानं तर पोरगं दुसऱ्या तालमीत नेलं.

---

खडूस_गणित

रंकाळाकाठ, त्या पोराचं वय किती?

---

रंकाळाकाठ

अकरा. डावखुरा होता, चांगला होता.

---

बालेवाडीकर

मंडळी, धाग्यात एक दुरुस्ती करायची आहे. प्रामाणिकपणे लिहितो.

वर मी म्हणालो की बालेवाडीच्या व्हिएतनाम सामन्यातले तिन्ही गोल डोळ्यांसमोर आहेत. काल त्या सामन्याला सोबत आलेल्या मित्राला फोन केला, तो आता नाशिकला असतो. त्याला धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, "अरे येड्या, पहिला गोल झाला तेव्हा आपण गाडी लावायला जागा शोधत होतो. आतून आवाज आला म्हणून तू पळत सुटलास आणि चावी गाडीलाच राहिली." मग हळूहळू आठवलं. चावीसुद्धा आठवली.

म्हणजे मी दोनच पाहिलेत. तिसरा, म्हणजे पहिला, मी पंधरा वर्षं नुसता ऐकलेल्या आवाजावरून बघत होतो. डाव्या बाजूनं आत येऊन उजव्या पायानं मारलेला, असा तो मला स्पष्ट दिसतो. कुणाकडे त्या सामन्याचं चित्रण असेल तर कृपया दुवा द्या, निदान तो डोक्यानं मारला होता की पायानं एवढं तरी कळू दे.